नवव्या घराचं पाणी

११ मे

सिरानुश मावशीच्या अंगणात आज गल्लीची सभा झाली. सभा म्हणजे अकरा माणसं, जर्दाळूच्या झाडाखाली दोन बाकं आणि कॉफी. ठरलं ते असं, की टेकडीवरच्या झऱ्यापासून आमच्या गल्लीपर्यंत येणारी जुनी पाण्याची लाइन आम्हीच उकरून काढायची, नीट करायची आणि खालच्या कोपऱ्यावर पुल्पुलाक, म्हणजे दगडी पाणपोई, बांधायचा. शहराचं पाणी आमच्या चढावर सकाळी दोन तास येतं, तेही लाजत लाजत. मागच्या जानेवारीत पाइप गोठून फुटला तेव्हा नऊ दिवस आम्ही बर्फ वितळवून प्यायलो. भूकंपाच्या आधी दहा घरं या झऱ्यावर जगत होती. लाइन जमिनीत तशीच आहे. फक्त अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरातल्या त्या भूकंपापासून तिच्यात पाणी नाही.

माझ्या वाट्याला पाणपोईमागची भिंत आली. दर घराचा एक दगड, काळा नाहीतर तांबडा, आणि त्यावर त्या घराला हवं ते कोरायचं. आमच्या ग्युम्रीतल्या बाकीच्या पुल्पुलाकांवर कुणा एका गेलेल्या माणसाचं नाव असतं. ही भिंत सगळ्या गल्लीची. माझं नाव कुणी सुचवायच्या आधीच मी हो म्हटलं, आणि मग लाज वाटली.

नळकामाचा घुकास म्हणाला, "वार्पेत तागुही, माझ्या दगडावर माझं नाक कोर. मात्र दगड मोठा घे." आमच्या गावात हातात हातोडी असलेला प्रत्येक जण वार्पेत, म्हणजे उस्ताद. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. पूर्वी तेच या लाइनचे पाणीवाले होते. वरचा व्हॉल्व्ह उघडायचा, बंद करायचा, गळती बघायची, हे सगळं हमाझास्पचं, म्हणजे बाबांचं, काम. मला वाटलं खूश होतील. ते वेणीसारख्या विणलेल्या चीजचे दोरे सोडवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ती लाइन मेलीय. राहू दे तशीच." आणि रेडिओ मोठा केला.

म्हातारपण, दुसरं काय.

१८ मे

दगड आले. काळे सहा, तांबडे चार. सिरानुश मावशीला शिलाई मशीन हवंय, कारण त्या मशीनवर तिनं तीन मुलं वाढवली. बेकरीवाल्या आर्फेनिकला डाळिंब हवंय. मी म्हटलं, डाळिंब सगळेच मागतात. ती म्हणाली, "मग माझं सगळ्यांपेक्षा चांगलं कोर."

नऊ नंबरचा दगड कोरा आहे. ते घर भूकंपात पडलं, मालक तेव्हा येरेवानला होते, परत आलेच नाहीत. त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, काहीही कोरा, आमचं तिथं आता काय आहे.

२५ मे

चर आठव्या घरापर्यंत आला. दर घरातून एक माणूस आठवड्याला दोन दिवस येतं, त्यामुळे काम भराभर होतंय. पाइप जाड बिडाचा, वरून गंजलेला, आतून ठीक. घुकासनं एक तोंड उघडून आत हात घातला. हाताला ओलसुद्धा लागली नाही.

दुपारच्या जेवणाआधी सगळे पाय पसरून बसले होते, मी नवव्या घराच्या रिकाम्या जागेशी चरात उभी राहून माप घेत होते. पाइपातून टकटक आली. तीन, मग थांबून दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. कुणी नखानं नव्हे, धातूच्या वस्तूनं वाजवावं तशी.

घुकासनं डोकं वर केलं. "ऊन लागलं की बीड फुगतं," तो म्हणाला. मग त्यानं आभाळाकडे पाहिलं. सकाळपासून ढग होते.

मी हातातली छिन्नी उलटी करून पाइपावर दोनदा वाजवली. का, मला माहीत नाही. टकटक थांबली.

घुकास म्हणाला, "दारावरची बेल वाजली आणि तू उठून गेलीस, तसं केलंस तू." मी हसले. त्यानं मात्र चेष्टेनं म्हटलं नव्हतं.

२६ मे

पुन्हा. पावणेबाराच्या सुमारास. मी उत्तर दिलं नाही, तर पाऊण तास चालू होती.

३० मे

नऊ नंबरात भूकंपाच्या वेळी कोण होतं, हे विचारत फिरले. दगडावर काहीतरी कोरायला हवं, एवढंच माझं काम. सिरानुश मावशी म्हणाली, कोणी नव्हतं, घर बंद होतं. समोरचा सुरेन म्हणाला, एक म्हातारा होता बहुतेक, लंगडा. आर्फेनिक पाव मोजून देत होती. ती म्हणाली, "एक बाई यायची पावाला. रशियन बोलायची. बाकूहून घरदार सोडून आलेली. त्या नोव्हेंबरात तिकडच्या दंगलीतून असे कितीतरी लोक पळून आले होते, कुणी खोली दिली, कुणी तळघर." मग म्हणाली, "तीनच आठवडे आली. नाव विचारायचं राहिलं." आणि माझ्याकडून पावाचे पैसे घ्यायला विसरली. आर्फेनिक कधीच विसरत नाही.

एका गल्लीत तीन उत्तरं. आमच्या लोकांची स्मरणशक्ती म्हणजे चाळणी.

३ जून

आर्फेनिकची त्या घरात ओळख नव्हती हे खरं. बाईबरोबर एखादी मुलगी होती का, असंही मी तिला विचारलं नव्हतं. तरी आज दुकानातून निघताना ती मागून म्हणाली, "मुलगी कधी पावाला आली नाही. खिडकीत दिसायची."

८ जून

झऱ्याजवळच्या खोलीतला मोठा व्हॉल्व्ह घट्ट बंद आहे, आणि त्याचं चाकच जागेवर नाही. घुकास म्हणाला, कुणीतरी मुद्दाम काढून नेलंय, नट व्यवस्थित सोडवलेला आहे. मी घरी येऊन बाबांना विचारलं. मग पलंगाखालून पोत्यात गुंडाळलेलं चाक त्यांनीच ओढून काढलं आणि मांडीवर घेतलं. मला दिलं नाही.

"कशासाठी ठेवलं होतं?" मी विचारलं.

"कुणी फिरवू नये म्हणून."

एकोणतीस वर्षं मी त्या खोलीत झाडू मारतेय. पोत्यात जुनी हत्यारं असतील असं धरून चालले होते.

बाबा कुठल्याच पुल्पुलाकचं पाणी पीत नाहीत. हे मी लहानपणापासून पाहिलंय. बाजारात जाताना खिशात स्वतःची बाटली असते. आम्ही त्यांना त्यावरून चिडवायचो, म्हणजे मी चिडवायचे. आई चिडवायची नाही. आईचं वेगळंच. तिला घरात शांतता चालायची नाही. उठली की रेडिओ, झोपेपर्यंत रेडिओ, गाणी नसली तर धान्याचे भाव. मला वाटायचं तिला गाण्यांची आवड आहे. तिला जाऊन बावीस वर्षं झाली. आता तेच खूळ बाबांना लागलंय.

भूकंप पावणेबाराला झाला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्या दिवशी घसा दुखत होता म्हणून शाळेत गेले नव्हते; शाळा पुरती कोसळली, मी म्हणून आज आहे. आई आणि मी तळघरात बटाटे काढायला उतरलो होतो. वरचं सगळं खाली आलं. भिंतीलगतचा पाइप तुटला आणि पाणी भरायला लागलं. छातीपर्यंत आलं आणि थांबलं. तिसऱ्या दिवशी आम्हाला बाहेर काढलं. हे सगळं मला सांगितलेलं. माझं विचाराल तर मला त्या तळघरातलं काहीही आठवत नाही, बटाट्यांचा वास सोडून. पाणी कसं थांबलं, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, देवानं थांबवलं. बाबा उठून बाहेर गेले.

१३ जून

पाइपाची चाचणी. चाक नसल्यानं झऱ्याचं पाणी सोडता येईना, म्हणून घुकासनं वरच्या तोंडातून टँकरचं पाणी ओतलं. सगळी गल्ली खाली कोपऱ्यावर जमली होती. भिंतीचे सात दगड लागले आहेत, शिलाई मशीन उन्हात छान दिसत होतं. आम्ही नळीकडे बघत उभे. काहीही आलं नाही. वर पाणी तुंबून चरात सांडायला लागलं. कुठेतरी मध्येच बोळा आहे.

घुकास पाइपाला कान लावत लावत खाली आला आणि आमच्या जुन्या घराच्या जागेशी थांबला. "इथपर्यंत येतंय," तो म्हणाला. "इथून पुढे नाही."

आज दुसरंही काही लक्षात आलं, ते लिहून ठेवते. पाइपात पाणी होतं तोवर पावणेबारा वाजून गेले तरी टकटक झाली नाही. दुपारी घुकासनं पाणी काढून टाकलं. शेवटचा गडगड आवाज येऊन पाइप रिकामा झाला, आणि लगेच सुरू झाली. तीन-दोन नव्हे. नुसती, घाईघाईनं, श्वास न घेता. सिरानुश मावशीनं डोक्याचा रुमाल कानावर ओढून घेतला आणि ती घरी गेली. मग एकेक करत सगळेच गेले. कुणी कुणाला हा कसला आवाज म्हणून विचारलं नाही.

मला तेच जास्त विचित्र वाटलं. आवाज ऐकून माणूस विचारतो.

१५ जून

खोदायला कोणी आलं नाही. सुरेनची कंबर धरलीय. आर्फेनिकची भट्टी नादुरुस्त आहे, पण धुराडं चालू होतं. सिरानुश मावशी दारातच म्हणाली, "आपण टाक्या घेऊ या ना गं. गच्चीवर. पावसाचं पाणी." मी म्हटलं, पावसाळा आहे कुठे आपल्याकडे. तिनं माझ्या गालाला हात लावला. इतक्या वर्षांत तिनं असं केलं नव्हतं. म्हणाली, "तू आमची गुणाची पोर. तुझ्यासाठीच सांगतेय."

१९ जून

मी आणि घुकास, दोघांनीच आमच्या जुन्या तळघराची जागा खणली. मला काही वाटेल असं त्याला वाटत होतं. मला काही वाटलं नाही. माती, विटा, एक बरणीचं झाकण. कमरेएवढ्या खोलीवर भिंत लागली आणि भिंतीलगत पाइप. भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात कुठल्या तरी तुकडीनं तुटलेल्या जागी बाहेरून जोड बसवला होता, आत न बघता. घुकासनं जोडाचे बोल्ट कापले.

वरच्या बाजूच्या पाइपाच्या तोंडात कापड ठासलेलं होतं. लोकरीचा रुमाल, डोक्याला बांधायचा, निळा, पांढऱ्या काठाचा. सहज अडकलेला नव्हता. घड्या घालून, मुठीनं ठोकून ठोकून बसवलेला. घुकासला पक्कड लावून ओढायला लागला. बाहेर आला तेव्हा आतली घडी अजून निळीभोर होती.

मी म्हटलं, सुटका करणाऱ्यांनी गळती थांबवायला घातला असेल. घुकास म्हणाला, "गळती थांबवायला? मग पाण्यानं तो बाहेर नसता का फेकला? हा पाइप कोरडा असताना घातलाय." मग त्यानं जीभ चावली.

वर बाबा उभे होते. काठी टेकत कधी आले कळलंच नाही. त्यांनी रुमाल पाहिला आणि ते मातीच्या ढिगावर बसले. लहान मुलासारखे, पाय पुढे करून. म्हणाले, "तिनं मला हे कधी सांगितलं नाही."

कुणी, असं मी विचारलं. ते काठी टेकत उठले आणि घराकडे निघाले.

रुमाल घरी आणून धुतला. वाळायला घातलाय. तीन वेळा धुतला तरी त्याला बटाट्यांचा वास आहे.

२० जून

टकटक नाही. पाइप उघडा आहे, त्यातून गार हवा येते. एवढंच.

२१ जून

बाबांनी आज सांगितलं. नाश्त्याला बसलो होतो. रेडिओ त्यांनी आपणहून बंद केला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे. त्यांचे शब्द जमतील तसे लिहिते.

भूकंपाच्या दिवशी दुपारपासून रात्रभर त्यांनी आमच्या ढिगाऱ्यावर हातांनी खणलं. आत पाणी भरत असल्याचा आवाज येत होता, आणि आई ओरडत होती की पाणी वाढतंय. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेकडीवर व्हॉल्व्ह बंद करायला गेले. तिथे पाइपाला हात लावला तर पाइप वाजत होता. दोन ठिकाणांहून. एक टकटक दूरची, आमची. दुसरी जवळची, नऊ नंबरची. दोघी एकमेकींना उत्तर देत होत्या.

"नऊ नंबरच्या तळघरात पाइपाचा एक सांधा थोडा गळायचा," बाबा म्हणाले. "मला माहीत होतं. मीच तो दुरुस्त करणार होतो. त्यांना प्यायला तेवढंच पाणी होतं. मला कळत होतं, तागुही. मला तेव्हाच कळत होतं."

"मग?"

"मग चाक फिरवलं."

ते खाली आले आणि ट्रकवर यादी घेऊन उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला म्हणाले, नऊ नंबरात माणसं आहेत. त्यानं यादी पाहिली. त्या घराचे सगळे येरेवानला सुखरूप, यादीत दुसरं नाव नाही. क्रेन एकच होती, ती शाळेकडे गेली. तिसऱ्या दिवशी आम्हाला काढलं. बाबांनी मला उचललं आणि ते हॉस्पिटलकडे निघाले. निघताना पाइप वाजत होता, आणि व्हॉल्व्ह बंदच होता. गल्लीतले सगळे तिथे होते, आपापल्या ढिगाऱ्यावर, सगळ्यांनी ऐकलं. सहाव्या दिवसापर्यंत ऐकलं. बाबा सातव्या दिवशी परतले. वसंतात नऊ नंबरातल्या दोघींना बाहेर काढलं, आई आणि मुलगी. सांध्याखाली एक पत्र्याचा मग ठेवलेला होता. वरच्या दफनभूमीत दोघींना एकत्र पुरलं. दगडावर नाव नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

मी त्यांना काय म्हणायला हवं होतं? त्यांनी मला वाचवलं. मी त्यांच्या ताटात चीज वाढलं. त्यांनी ते खाल्लं. रेडिओशिवाय घर इतकं शांत होतं की भिंतीतली माती गळताना ऐकू यावी.

बाबांनी एक गोष्ट उलट विचारली. "रुमाल तुझ्या आईनं का घातला असेल?" मी म्हटलं, मला माहीत नाही. "तू तिथे होतीस," ते म्हणाले.

२४ जून

आज एकटी गेले. दुपारी, लख्ख ऊन होतं, समोर सुरेन कपडे वाळत घालत होता. पाइपाचं उघडं तोंड बारा वर्षांच्या मुलीच्या कानाच्या उंचीला आहे. आता तळघर मातीनं अर्धं भरलंय, म्हणून मला गुडघे टेकावे लागले.

कान लावला. हवा येत होती, मग हवा थांबली. कुणी बोलायच्या आधी श्वास आत घेतं, तशी.

तळघरात पाणी छातीपर्यंत येऊन थांबलं, मग पाइपातून गळणारी धारही थांबली, आणि पाइप रिकामा झाल्यावर त्यातून आवाज आला. टकटक नव्हे, आवाज. रशियन बोलणारी मुलगी. ती म्हणाली, तूच का ठोकत होतीस? मी हो म्हटलं. ती म्हणाली, तुमच्याकडे पाणी आहे का, आमचं बंद झालं. मी म्हटलं, आमच्याकडे खूप आहे. तिनं माझं नाव विचारलं, मी सांगितलं. तिनं तिचं सांगितलं. पुन्हा तिनं विचारलं, पाणी का बंद झालं? आईनं डोक्याचा रुमाल सोडला. मला वाटलं, माझं डोकं पुसायला सोडतेय.

त्यानंतर आई मोठमोठ्यानं गाऊ लागली. बाहेर काढेपर्यंत गात होती.

हे मला आठवलं की आज ऐकू आलं, मला सांगता येणार नाही. सगळं तिथल्या तिथे होतं, जसं काही ते बोलणं मधेच तुटलंय आणि आता पुढे चालू झालंय. मी पाइपात तोंड घालून रशियनमध्ये म्हटलं, बाबा पाणी सोडणार आहेत. हे मी का म्हटलं? त्यांनी तसं काही कबूल केलं नव्हतं.

आतून काही आलं नाही. मी उठले तेव्हा सुरेन हातातला शर्ट पिळत तसाच उभा होता. त्यानं मला पाहिलं होतं. त्यानं फक्त विचारलं, "उद्या चर बुजवायला लागतील ना माणसं? मी येतो."

१ जुलै

सगळे परत कामाला आले. आर्फेनिकनं गरम पाव आणि चीज आणलं, सिरानुश मावशीनं सत्तरीत फावडं हातात घेतलं. घुकास म्हणाला, "मावशी, कंबर मोडली तर ती मला नळासारखी जोडता येणार नाही." ती म्हणाली, "तुला नळ तरी कुठे जोडता येतो." बऱ्याच दिवसांनी गल्ली हसली.

नवव्या घराच्या सांध्याशी घुकास नवा जोड बसवत होता. गळू नये म्हणून. मी त्याला थांबवलं. पाणपोईच्या नळीखेरीज तिथेही एक छोटी नळी काढायची, गुडघ्याएवढ्या उंचीवर, नेहमी वाहणारी. घुकास म्हणाला, दाब कमी होईल. मी म्हटलं, होऊ दे. बाकीचे ऐकत होते. सगळ्यांनी मान डोलावली, जणू हे आधीच ठरलेलं होतं.

८ जुलै

बाबा चाक घेऊन टेकडीवर गेले. मी आणि घुकास हाताला धरून नेत होतो, शेवटी त्यांनी आमचे हात सोडवले. व्हॉल्व्हच्या खोलीत शिरून त्यांनी नट बसवला. चष्म्याशिवाय, नुसत्या बोटांनी. मग पाइपावर तळहात ठेवून उभे राहिले. मी पण ठेवला. पाइप गार होता आणि वाजत होता, अगदी हळू. तीन. दोन. घुकासनं टोपी काढली.

चाक फिरेना. घुकास पुढे झाला तर बाबांनी त्याला अडवलं. त्यांची मान लाल झाली होती. मी जवळ गेले नाही. हे त्यांचंच काम होतं. मग कर्रर्र झालं, आणि पायाखाली पाणी धावत गेल्याचं मला पावलांना कळलं.

बाबा रशियनमध्ये काहीतरी म्हणाले. त्यांना रशियन चांगलं येतं, पण घरी कधी बोलत नाहीत. मी विचारलं नाही.

खाली येईपर्यंत नवव्या घराच्या छोट्या नळीतून पाणी यायला लागलं होतं. आधी गंजाचं तांबडं, मग राखेसारखं, मग स्वच्छ. कुणीतरी तिथे पत्र्याचा मग ठेवला होता. कोणी ठेवला ते कुणीच सांगितलं नाही, आणि सगळेच एकमेकांकडे बघत होते.

१५ जुलै

नवव्या दगडावर काम करतेय. काळा दगड घेतला. चित्र काही नाही, फक्त अक्षरं, रशियन, कारण ती रशियनच बोलत होती. तिच्या आईचं नाव तिनं सांगितलं नव्हतं. आईच्या जागी मी ओळ मोकळी ठेवलीय. कुणाला ते कधी कळलं तर कोरता येईल. पाइप आता भरलेला आहे. भरलेल्या पाइपातून काही ऐकू येत नाही, हे चांगलंच आहे, असं मी दिवसातून बऱ्याच वेळा स्वतःला सांगते.

२३ जुलै

वार्दावारचा सण. आजच्या दिवशी ज्याला त्याला पाण्यानं भिजवायचं आणि कुणी रागवायचं नाही. म्हणून पुल्पुलाकचं उद्घाटन आजच ठेवलं. सकाळी आठपासून पोरं बादल्या घेऊन रांगेत. एवढं पाणी या गल्लीनं माझ्या आयुष्यात एकत्र पाहिलं नव्हतं. सुरेनच्या बायकोनं खिडकीतून अख्खं पातेलं ओतलं, घुकास नाकावरून पाणी निथळत म्हणाला, दगडावर कोरलंय तेच नाक हे, ओळखा. आर्फेनिक स्वतःच्या डाळिंबासमोर उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवत होती.

बाबा खुर्चीवर बसले होते, चिंब. सगळ्यांचं पिऊन झाल्यावर ते उठले, नवव्या घराच्या छोट्या नळीशी गेले. ती गुडघ्याएवढी खाली आहे. पूर्ण वाकावं लागतं, जवळजवळ जमिनीला टेकावं लागतं. ते टेकले. बराच वेळ पीत होते.

नंतर सिरानुश मावशी बादली घेऊन माझ्याशेजारी भिंतीपाशी आली. शिलाई मशीनवरून तिनं बोट फिरवलं आणि मग बोट पुढच्या दगडावर नेलं. ओठ हलवत तिनं अक्षरं लावली. रिम्मा. खाली मोकळी ओळ.

"आम्हाला तर कुणालाच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुला हे नाव कुणी सांगितलं?"

"तिनंच."

कधी, असं तिनं विचारलं नाही. वरच्या छोट्या नळीकडे पाहिलं, बादली उचलली आणि सगळी माझ्या डोक्यावर ओतली. माझे डोळे पाण्यानं भरून गेले. ते पुसून मी बघेपर्यंत तिनं तोंड फिरवलं होतं आणि ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली होती, बादली भरायला.